पाठमोरा
दुपारी जेवण झालं की झोपायच्या ऐवजी मोबाईलवर म्युझियमच्या साइट्स चाळत बसायची मला खोड आहे. काल असंच एक जपानी चित्र समोर आलं, १९व्या शतकातलं, नुसती काळी शाई. एक माणूस पाठमोरा चाललाय, डोक्यावर मोठी गवती टोपी, अंगावर पेंढ्याचा झगा, हातात काठी. टोपीची कड एका झटक्यात ओढलीय, वळणावर शाई संपत आली आणि रेघ फाटली तरी पठ्ठ्यानं परत गिरवलेली नाही. बाकी कागद कोरा.

झगा बघून मला आजोळची इरली आठवली. लावणीच्या दिवसांत बायका इरलं घेऊन वाकल्या की शेतात नुसती इरलीच दिसायची, आणि कुठल्या इरल्याखाली कोण हे आम्ही पोरं बांधावरून ओळखायचो. मी मामीला पायांवरून ओळखायचो, तिच्या डाव्या पायात जोडवं नव्हतं, चिखलात कुठेतरी गेलेलं.

या बाबाचेही पायच तेवढे दिसतात. पेंढ्याच्या चपला, म्हणजे वाराजी, झिजल्या की टाकायच्या आणि वाटेत नव्या घ्यायच्या. एदोहून, म्हणजे आजच्या टोकियोहून, क्योतोला जायचा तोकाइदो रस्ता जवळपास ५०० किलोमीटरचा, मधे ५३ मुक्काम, हिरोशिगे या चित्रकारानं १८३३-३४ च्या सुमारास त्यांची चित्रं काढून नाव कमावलं ते याच रस्त्यावर. आणि वाटेतल्या हाकोनेच्या नाक्यावर प्रवाशांची कागदपत्रं तपासायचे, बायकांची तर जास्तच कसून. असल्या रस्त्यांच्या काळातला एकटा माणूस चित्रात दिसला की लगेच 'एकांत', 'अंतर्मुख' असलं लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. अरे, उधारी वसूल करायला निघाला असेल तो!

आणखी एक गंमत. लाकडी ठशानं छापायला काढलेलं चित्र असेल तर तो कागद चेरीच्या फळीवर उलटा चिकटवायचे आणि रेघांवरून कोरायचे, चित्र तिथंच खलास. होकुसाई या चित्रकाराची १०३ छोटी चित्रं ब्रिटिश म्युझियमनं २०२० मध्ये घेतली, ती शिल्लक राहिली कारण ज्या पुस्तकासाठी काढली ते पुस्तक निघालंच नाही.

माझा एक मित्र कविता करतो, प्रकाशक मिळत नाही म्हणून वर्षानुवर्षं कुरकुरतोय, त्याला मी लगेच फोन करून हे सांगितलं. बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, जेवलास का?