मेथड म्हणजे ऑब्जेक्ट का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सांगलीत माझ्याकडे रूबी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला येणारी मुलं हा प्रश्न हमखास विचारतात: ‘रूबीत सगळंच ऑब्जेक्ट असतं म्हणता, मग मेथडही ऑब्जेक्टच का?’ (ऑब्जेक्ट म्हणजे प्रोग्रॅममध्ये नाव देऊन धरून ठेवता येणारी वस्तू, आणि मेथड म्हणजे तिला सांगायचं काम.)

नाही. मागितलात तर तिचा ऑब्जेक्ट करून मिळतो, एवढंच. पण हा फरक कामात नडतो.

सरावाला आम्ही मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यांचा छोटा प्रोग्रॅम घेतो. ‘पोतं.किंमत’ लिहिलं की मेथड चालते आणि आकडा मिळतो. कंस न देताही ती चालतेच, त्यामुळे मेथड अशी हाती लागत नाही. ती हवी तर ‘पोतं.मेथड(:किंमत)’ असं मागावं लागतं. मग जो ऑब्जेक्ट मिळतो त्याला नाव विचारा, किती आर्ग्युमेंट, म्हणजे सोबत द्यायची मूल्यं, लागतात ते विचारा, सगळं सांगतो. आता तोच दुसऱ्यांदा मागा आणि दोन्ही ताडून बघा. ‘==’ दोन्ही सारखे आहेत का ते बघतं, ते म्हणतं सारखे; ‘इक्वल?’ दोन्ही एकच वस्तू आहे का ते बघतं, ते म्हणतं वेगळे. म्हणजे दर वेळी नवा घडवून दिलाय.

पुढचा प्रयोग मी प्रत्येकाला स्वतः टाइप करायला लावतो. हा ऑब्जेक्ट व्हेरिएबलमध्ये धरून ठेवायचा आणि क्लासमधली, म्हणजे पोत्याच्या मूळ साच्यातली, ‘किंमत’ पुन्हा लिहायची, हमाली-तोलाई वजा करून. ‘पोतं.किंमत’ नवा हिशेब देतं. धरलेल्या ऑब्जेक्टला ‘कॉल’ करा, म्हणजे चालवा, तो जुनाच आकडा सांगतो! चालू प्रोग्रॅममध्ये कुणी मेथड बदलली की असे घोळ होतात, आणि ते शोधता शोधता नाकी नऊ येतात.

आता दुसऱ्या भाषा बघा. पायथनमध्ये फंक्शन मुळातच ऑब्जेक्ट असतं, पण डॉट लावून घेतलेली बाउंड मेथड, म्हणजे एका ऑब्जेक्टला जोडलेली मेथड, तिथंही मागताना तयार होते. जावात रिफ्लेक्शनने, म्हणजे चालू प्रोग्रॅमलाच त्याची रचना विचारून, मिळतं ते माझ्या मते मेथडचं वर्णन. खरा होकार स्मॉलटॉक-८० या जुन्या भाषेचा: तिथं कंपाइल झालेली मेथड क्लासच्या डिक्शनरीत, म्हणजे नावावरून मेथड शोधायच्या यादीत, ऑब्जेक्ट म्हणूनच बसलेली असते, कुणी मागो न मागो.

मात्सुमोतो यांनी घडवलेल्या १९९५ च्या रूबीने स्मॉलटॉककडून पुष्कळ घेतलं, हे मात्र तसंच्या तसं घेतलं नाही. मला त्यात काही गैर वाटत नाही. नाव घेताच मेथड चालते, म्हणूनच आज साठवलेली ‘किंमत’ उद्या हिशेब करून द्यायची ठरली, तरी ‘पोतं.किंमत’ लिहिलेली एकही ओळ बदलावी लागत नाही.