जेम्सवरून आमचं १८ वर्षं चाललेलं भांडण

सायलेंट हिल २ हा हॉरर व्हिडिओ गेम अजून खेळला नसेल आणि पुढेमागे खेळायचा विचार असेल तर इथूनच परत फिरा, मी शेवटासकट सगळं सांगणार आहे.

२००६ चा पाऊस. फोंड्यात आमच्या घरी मागच्या खोलीत कॉम्प्युटर होता आणि आम्ही तिघं, मी, माझा वर्गमित्र आणि मामेभाऊ. मित्राने कुठूनतरी पीसीवाली सीडी पैदा केलेली. एकच कीबोर्ड, त्यामुळे पहिल्या दिवशी आळीपाळीने खेळलो पण दुसऱ्या दिवशीच खटके उडायला लागले म्हणून तिघांनी आपापला वेगळा सेव्ह केला, आणि आज वाटतं की तेच सगळ्यात चांगलं झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जेम्स संडरलँड नावाचा माणूस, त्याची बायको मेरी ३ वर्षांपूर्वी आजारपणात गेलेली, आणि आता तिचंच पत्र येतं की आपल्या त्या खास जागी मी तुझी वाट बघतेय. म्हणून तो सायलेंट हिलला जातो. गाव रिकामं, सगळीकडे धुकं, छातीवर अडकवलेला एक टॉर्च आणि खिशात एक रेडिओ, जो राक्षस जवळ आला की खरखरायला लागतो. आमच्या त्या खोलीवर पत्रे होते आणि जुलैचा पाऊस पत्र्यावर पडायला लागला की आवाज सेम त्या रेडिओसारखा यायचा. भाऊ पंखा बंद करायचा, मग स्पीकरला कान लावून बसायचा, आणि तरी कळायचं नाही की हे बाहेरचं आहे की आतलं. तो खेळत असताना मी आणि मित्र श्वास रोखून बसायचो. तेवढी भीती मला नंतर कुठल्याच गेमने दाखवली नाही.

मग शेवटाकडे लेकव्ह्यू हॉटेल, रूम नंबर ३१२, आणि ती व्हिडिओ कॅसेट. मेरी आजाराने गेली नव्हती, जेम्सनेच तिच्या तोंडावर उशी दाबली होती. आणि ३ वर्षांपूर्वी वगैरे काही नाही, हे अगदी आत्ता घडलेलं.

तिथून भांडण सुरू झालं. मित्र म्हणाला खुनी आहे, विषय संपला. भाऊ म्हणाला अरे थकला होता तो माणूस, वर्षानुवर्षं आजारी माणूस सांभाळणं म्हणजे काय असतं तुला माहिती आहे का. मी मध्येच कुठेतरी. गंमत म्हणजे तिघांना शेवटही वेगवेगळे आले. मला ‘लीव्ह’, म्हणजे जेम्स लॉरा नावाच्या त्या छोट्या मुलीला घेऊन गावाबाहेर पडतो. मित्राला ‘मारिया’, मेरीसारखीच दिसणारी ती बाई, तिच्याबरोबर जेम्स निघून जातो. आणि भावाला ‘इन वॉटर’, जेम्स तळ्यात जीव देतो. आम्हाला वाटलं सीडीत काहीतरी घोळ आहे, कारण गेमने आम्हाला कुठेच विचारलं नव्हतं की तुला काय पाहिजे.

पुढे नेटवर वाचून कळलं ते असं की गेम सगळं गुपचूप मोजत असतो. मारियाच्या जवळ जवळ राहिलात, तिला जपलंत, हॉस्पिटलच्या खोलीत तिला सोडल्यावर परत परत बघायला गेलात तर ‘मारिया’. स्वतःची तब्येत नीट ठेवलीत, मेरीचा फोटो आणि पत्र उघडून बघितलंत तर ‘लीव्ह’. आणि जखमी अवस्थेतच भटकत राहिलात, गावात भेटणाऱ्या अँजेला नावाच्या दुःखी मुलीने दिलेला सुरा सारखा सारखा काढून निरखलात तर ‘इन वॉटर’. आता बघा, माझा भाऊ हेल्थ ड्रिंक, म्हणजे गेममधलं तब्येत सुधारणारं औषध, वापरायचाच नाही, पुढे लागतील म्हणून साठवून ठेवायचा. आणि अँजेलाचं त्याला फार वाईट वाटायचं म्हणून तिचा सुरा तो खरंच पुन्हा पुन्हा उघडून बघायचा. मी पत्र वाचायचो कारण तेव्हा इंग्लिश कच्चं होतं, वाटायचं काहीतरी सुटतंय. म्हणजे आम्ही तिघं जेम्सवरून भांडत होतो पण प्रत्येकाचा जेम्स वेगळाच होता. या गेमच्या फॅन्समध्ये इतकी वर्षं इतके टोकाचे वाद का होतात त्याचं मला तरी हेच उत्तर वाटतं, आणि असा गेम २००१ साली कोणीतरी बनवला याचं मला आजही नवल वाटतं.

बाकी वाद आहेतच. २०१२ ला जुना गेम नव्याने सजवून एचडी कलेक्शन म्हणून आला तेव्हा फॅन्स प्रचंड भडकले आणि बरोबरच होतं, धुकं इतकं पातळ केलेलं की तळ्यात होडी चालवताना जे दिसायला नको तेही दिसायचं, आणि एका पाटीवरची अक्षरं चक्क कॉमिक सॅन्स या पोरकट फॉन्टमध्ये. सगळे धुक्यावरच का अडले हे बाहेरच्यांना कळत नाही. पहिल्या भागात, १९९९ साली, धुकं आलं ते प्लेस्टेशनला लांबचं दाखवणं झेपत नव्हतं म्हणून, पण दुसऱ्या भागात प्लेस्टेशन २ वर ते जेम्सचं मनच झालं. ते काढलं की मागे उरतात नुसत्या इमारती. पावसात चोर्ला घाटातून गाडी चालवलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, पुढचं वळण दिसत नाही तेव्हा डोकं आपोआप जुन्या गोष्टी उकरायला लागतं.

ब्लूबर टीम या कंपनीने हाच गेम नव्याने बनवला, त्या रिमेकवर पण तोच गोंधळ. २०२४ चे ट्रेलर बघून सगळे नाराज, मारामारी जास्त दिसतेय, अँजेलाचा चेहरा बदललाय. मी स्वतः मित्राला रात्री दीड वाजता लांबलचक मेसेज केला होता की वाट लावणार आहेत. मूळ गेमवर काम केलेले दोघं, संगीताला यामाओका आणि मॉन्स्टरसाठी इतो, परत आलेत एवढाच काय तो आधार होता. ८ ऑक्टोबरला गेम आला आणि मी चुकीचा होतो हे आनंदाने लिहितोय. अँजेला बघून तर गळा दाटून आला.

नवरात्र चालू होतं. देवळात मखर बघून यायचं आणि मग भावाच्या घरी खेळत बसायचं, असं चाललेलं. कंट्रोलर भावाच्या हातात, मित्र आता शिपवर असतो, रेंज मिळाली की तो व्हिडिओ कॉलवर. दसऱ्याच्या आदल्या रात्री आम्ही रूम ३१२ ला पोचलो. मामी मागे खाली बसून झेंडूच्या माळा करत होती, मधूनमधून मान वर करून बघायची. मामा ४ वर्षं अंथरुणावर होते. सगळं तिनेच केलं.

कॅसेट संपली. नंतर हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये फक्त आवाज येतात, जेम्स हॉस्पिटलात फुलं घेऊन गेलाय आणि मेरी त्याच्यावर ओरडतेय की नकोत मला फुलं, जा इथून, आणि मग लगेच रडवेली होऊन थांब म्हणतेय. मामीने विचारलं काय म्हणते ती. भावाने सांगितलं. मामीचा हात माळेवरच थांबला.

“हे पण ताट भिरकवायचे,” ती म्हणाली. “आणि मग रात्री मलाच विचारायचे, जेवलीस ना गो.”

आम्ही कोणीच काही बोललो नाही. मग ती म्हणाली, “त्याच्या मदतीला कोण येत नव्हतं काय रे? तिच्या माहेरचं कोण?”

१८ वर्षांत हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नव्हता. जेम्सच्या गोष्टीत खरंच कोणी नाही. सासर नाही, माहेर नाही, शेजारी नाही, रात्री दोन तास बसतो तू झोप म्हणणारा एक माणूस नाही. मित्र कॉलवर होता, तो हळूच म्हणाला, तरी त्याने चूकच केली मामी. मामी म्हणाली, “चूकच की. मी कुठे नाही म्हटलं?”

या वेळी भावाने हेल्थ ड्रिंक वापरली होती. मेरीचं शेवटचं पत्र पूर्ण वाचून होईपर्यंत तो स्क्रीनकडेच बघत होता, आणि मग धुक्यातून जेम्स आणि लॉरा चालत जाताना दिसले. मामीने माळेची गाठ मारली आणि विचारलं, “ती पोर आता त्याच्याकडेच राहणार?”

भाऊ म्हणाला हो.

“मग तिला जेवायला तरी घाल म्हणावं, संध्याकाळपासून नुसती फिरतेय,” असं म्हणून ती माळा घेऊन आत गेली.