खिडकीच्या भेगा बुजवण्याआधी

आमच्या वेंगुर्ल्याच्या जुन्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, घराला, ओटीच्या बाजूने, भिंतीबाहेर काढलेली तीन बाजूंची खिडकी आहे. ती मूळ घराच्या बऱ्याच नंतरची. भेगा दोन जातींच्या होत्या. चौकटीच्या कोपऱ्यातून तिरक्या चढलेल्या, आणि जुन्या-नव्या भिंतीच्या सांध्यावर सरळ उभी एक, वर रुंद, खाली निमुळती. म्हणजे खिडकीचा भाग बाहेर कलत होता.

गवंडीकाका पुट्टीला हात लावेनात. "बाय, आधी पाणी खंय जाता ता बघूया, मगे भेग." भेगेवर चुन्याने काचेची पातळ पट्टी चिकटवली. पावसाळ्यात ती तडकली. भिंत अजून हलत होती. पायाशी खणलं तर कारण समोरच. पागोळ्यांचं पाणी नेमकं तिथे पडून माती वाहून गेलेली, आणि खिडकीचा पाया मूळ भिंतीच्या पायापेक्षा कितीतरी उथळ.

मग पन्हळ लावली, पाया टप्प्याटप्प्याने खाली नेला. खिडकीवरचं फणसाचं लाकूड ठोकून पाहिलं, वाळवी नव्हती. भेगेवर आडवे चिरे गुंतवून चुन्याने सांधलं. सिमेंट मी ठामपणे नाकारलं. जांभा ओल पितो आणि सोडतो. वर सिमेंटचा कडक गिलावा आला की ओल आत कोंडते आणि चिरा पोखरला जातो. चुन्याला वेळ लागतो, ओली गोणपाटं बांधून ठेवावी लागतात. रंगही चुन्याचाच दिला. नवी काचपट्टी अजून शाबूत आहे, पुढचा पावसाळा संपेपर्यंत ती काढणार नाही.