चिरा, चुना आणि ऑक्टोबरची सर

आर्किटेक्चरच्या मुलांना मोजमापं घेऊन ड्रॉइंग करायला शिकवायचं, तर मी जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल निवडतो. १५१० साली संत कॅथरिनच्या सणाला पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कनं गोवा जिंकलं, म्हणून हे तिच्या नावानं. १५६२ ला काम सुरू झालं, मुख्य इमारत व्हायला १६१९ उजाडलं. सुमारे ७६ मीटर लांब, ५५ मीटर रुंद. समोर उभं राहिलं की उजव्या हाताचा मनोरा नाही. तो १७७६ मध्ये पडला, पुन्हा कुणी बांधला नाही. त्यामुळे अर्धा दर्शनी भाग काढून दुसरीकडे उलटवण्याची सोय नाही. मुलांना सगळं मोजावंच लागतं, आणि मला तेच हवं असतं.

यंदा आतलं काम संपत आलं होतं. मधल्या दालनावरचं अर्धगोल छत सगळ्यांनी पटकन काढलं, पण पुढे, मधलं आणि आडवं दालन जिथे एकमेकांना छेदतात तिथल्या फासळ्यांच्या छतापाशी दोघं तासभर अडकली. तेवढ्यात ऑक्टोबरची जोरदार सर आली.

पाऊस थांबल्यावर रस्ता ओलांडून आम्ही बॉम जेझूस या दुसऱ्या जुन्या चर्चला गेलो. दोन्ही इमारती जांभ्याच्याच, म्हणजे चिऱ्याच्या. पण बॉम जेझूसचा गिलावा १९५०च्या दशकात, पोर्तुगीज अमदानीतच, खरवडून काढला. तिथला उघडा दगड भिजून काळपट झाला होता. मागे गिलावा केलेलं से पांढरंशुभ्र उभं होतं.

कणकवलीकडची एक मुलगी भिंतीजवळ गेली. तिच्या वडिलांची चिरेखाण आहे. ती म्हणाली, "सर, चिरो पाणी पिता." मग तीच सांगत सुटली: खाणीतून काढताना चिरा मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, तरी त्याची भोकं भोकंच राहतात. म्हणून त्यांच्याकडे पावसाच्या बाजूच्या भिंतीला नारळाची झापं बांधतात.

इतकी वर्षं मी हा गिलावा शैलीच्या तासाला शिकवत आलो. त्या दुपारी मुलांनी भिंतीचा वेगळा छेद काढला: आत पाणी पिणारा चिरा, वर त्याला पावसापासून राखणारा चुन्याचा थर.

बॉम जेझूसला पुन्हा गिलावा करावा का, यावर परतीच्या बसमध्ये कडाक्याचा वाद झाला. उघड्या दगडाच्या रूपावर जीव जडलेले बरेच निघाले. मला विचाराल तर करावा, पण चुन्याचाच. सिमेंटमागे ओल कोंडते आणि चिरा आतून भुसभुशीत होत जातो.