मातृभाषा : मराठी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा मेसेज आमच्या 2014 च्या दहावीच्या ग्रुपवर आला तेव्हा मी अंगठा टाकला आणि विसरून गेले, मग रिमाइंडर, मग थेट फोन, "वर्गात तुझं तोंड बंद व्हायचं नाही आणि आता दोन पानं लिहायला जीव जातोय होय?" म्हटलं लिहिते बाई. शाळेतला एखादा फोटो पण लागेल म्हणून कपाटावरची फाइल काढली तर फोटो मिळाला नाही, शाळा सोडल्याचा दाखला मिळाला. डुप्लिकेट. तो का काढावा लागला ते पुढे येईलच. त्यात नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, वर्तणूक चांगली (बाईंनी हे वाचलं तर हसतील) आणि मधे एक रकाना, मातृभाषा : मराठी.

आता गंमत अशी की माझ्या मातेची भाषा मल्याळम आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. अम्मा केरळातल्या कोट्टयम जिल्ह्यातली, पालाची, ख्रिश्चन, नर्सिंग करून नोकरीला नाशिकला आली. पप्पा निफाड तालुक्यातले, घरी द्राक्षबाग, नोकरी नाशिकरोडला नोट प्रेसमध्ये. पप्पांचं अपेंडिक्स दुखलं नसतं तर मी झालेच नसते, याच्यापुढचं सांगायला मला घरून बंदी आहे. आजी वर्षभर बोलली नाही म्हणे. मग तिला इंजेक्शनचा कोर्स लागला, गावातल्या कंपाउंडरपेक्षा सुनेचा हात हलका निघाला, आणि मग काय, आम्ही गावी गेलो की आमच्या ओट्यावर बीपी बघायला रांग.

2004 च्या जूनमध्ये मला पहिलीत घालायला दोघं आले होते. ऑफिसातल्या काकांनी फॉर्म भरून घेतला. आईचं नाव विचारलं. अम्माच्या नावाच्या शेवटी 'अम्मा' आहे, म्हणजे तो नावाचाच तुकडा आहे, तिकडे तशी नावं असतात (पूर्ण नाव लिहीत नाही, ओरडेल). काकांना वाटलं हे आपल्याकडच्या 'बाई'सारखं मानाचं असणार, सुमनबाईचं कागदावर सुमन करतात तसं त्यांनी 'अम्मा' कापून टाकलं. मातृभाषा तर विचारलीच नाही, आडनाव बघितलं आणि लिहून मोकळे. पप्पांनी नीट न बघता सही केली, आणि अम्माला शाळेत हिंदी शिकल्यामुळे देवनागरी वाचता यायची, पण रोज डॉक्टरांचं अक्षर वाचणाऱ्या बाईलाही काकांचं अक्षर काही लागलं नाही.

शाळेत मी आधी 'प्रेसवाल्याची' होते. तशा वर्गात आणखी पाचसहा जणी होत्या, नाशिकरोडला 1928 पासून नोटा छापतायत म्हटल्यावर अर्ध्या गल्लीचा कुणी ना कुणी प्रेसमध्ये असणारच, आणि "तुला काय बाबा, घरी नोटा छापतात" हा जोक आम्ही सगळ्यांनी हजार वेळा ऐकलाय. आईचं कळायला चौथी उजाडली, आणि ते डब्यामुळे कळलं.

अम्माची नाइट असली की डबा पप्पांचा, भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा. एरवी अम्माचा. एकदा तिनं पुट्टू दिला. तांदळाच्या जाडसर भाजलेल्या पिठाला पाण्याचा हबका मारायचा, किती, तर मुठीत दाबलं की गोळा व्हावा आणि बोट लावलं की सुटावा, मग एका उभ्या नळीत ओलं खोबरं, पीठ, परत खोबरं, परत पीठ असं भरून वाफ काढायची आणि मागून काडीनं ढकललं की पांढराशुभ्र दांडा सुळकन ताटात. तो डब्यात मावेना म्हणून तिनं तीन तुकडे करून बसवले होते, सोबत केळं. मी झाकण उघडलं आणि मागच्या बाकावरून आलं, "हे काय, खडू खाते का?" झालं. पुढचे पंधरा दिवस मी 'खडू'. त्या दिवशी डबा तसाच परत नेला आणि पोट दुखत होतं असं सांगितलं, नर्सला. तिनं पोट दाबून बघितलं, कुठं दुखतं कुठं दुखतं विचारलं आणि संध्याकाळी तो गार पुट्टू चहात बुडवून स्वतः खाल्ला.

सुटका मिसळीनं केली. रविवारी पप्पा मिसळ पार्सल आणायचे, एका रविवारी पाव संपले आणि रस्सा उरला, तर पप्पांनी सरळ सकाळचा पुट्टू त्यात कुस्करला. अम्मा आधी असं बघत होती की जसा काही गुन्हा घडतोय, मग तिनं पण एक घास घेतला. आणि तसं बघितलं तर त्यात नवीन काय, पुट्टूबरोबर तिकडे कडला खातात म्हणजे काळ्या हरभऱ्याची खोबऱ्यातली आमटी, आणि अम्मा तर केव्हाच त्यात आजीचा काळा मसाला घालायला लागली होती. (उलटं पण व्हायचं. माशाच्या कालवणात आंबटाला ती तिकडची कुडंपुळी घालते, आपल्या आमसुलाचीच चुलत बहीण, निफाडला आजी आता ती आमटीत घालते आणि शेजारणींना सांगत नाही.) तर सोमवारी मी दोन डबे नेले, एकात पुट्टू, एकात तर्री. खडू म्हणणाराच पहिला बुडवायला. तो आज स्वतः मिसळ विकतो, मेन्यूत पुट्टू ठेव म्हणून मी त्याच्या मागे लागलेय, ठेवत नाही.

डब्याचं मिटलं, बोलण्याचं मिटलं नाही. अम्माचं मराठी म्हणजे, कसं सांगू, आपल्याला कुणी शिकवत नाही पण मराठीत च दोन आहेत, चिमणीचा वेगळा, चमच्याचा वेगळा, लिहायला मात्र एकच, त्यामुळे बाहेरून आलेल्या माणसाला कळणार कसं. अम्मा चमचा पण चिमणीच्या च नं म्हणते. ळ मात्र तिचा खणखणीत, कारण तिच्या भाषेच्या नावातच ळ आहे, आमच्या वर्गातली हिंदीवाली पोरं 'काला', 'डोला' म्हणायची तेव्हा मला फार बरं वाटायचं. पण खरी मारामारी पुढेच आहे. मल्याळममध्ये क्रियापद बाईमाणूस-बाप्या बघतच नाही, तो आला, ती आली, ते आलं, मी आले, आम्ही आलो, सगळ्यांना एकच, 'वन्नु'. त्या माणसाला तुम्ही सांगा की भिंत ती, पंखा तो आणि घड्याळ ते. का? माहीत नाही. आहे असं. अम्मानं त्यावर तोडगा काढला, येईल ते लावायचं आणि पुढे जायचं.

पाचवीच्या पालकसभेला ती ड्यूटीवरून थेट आली, रांगेत उभी राहिली, आणि तिचा नंबर आल्यावर स्पष्ट मोठ्या आवाजात (वॉर्डात हाका मारून मारून आवाज मोठाच झालाय) म्हणाली, "बाई, माझा मुलगी वर्गात फार बोलतो का?" मागचे पालक हसले, पोरं तर खिदळलीच. मराठीच्या बाई हसल्या नाहीत, वहीत बघत म्हणाल्या, "हो, फार बोलतो." मला वाटलं त्या पण चिडवतायत. घरी जाऊन मी सांगितलं, पुढच्या वेळी पप्पांना पाठव. पुढच्या दोन सभांना पप्पा शिफ्ट बदलून आले, अम्मानं एकदाही विचारलं नाही का म्हणून. अक्षरशः एकदाही नाही. बाईंनी ते 'बोलतो' का म्हटलं हे मला बरंच उशिरा कळलं, अम्माला आपण चुकलो हे तिथे रांगेसमोर कळू नये म्हणून.

मग सहावीत स्वाइन फ्लू. 2009 चा ऑगस्ट आठवतोय ना, पुण्यात शाळकरी मुलगी गेली, देशातला पहिला बळी, आणि मग सगळ्यांच्या तोंडाला रुमाल आणि खिशात कापूर-वेलचीच्या पुड्या. अम्माचा त्या पुड्यांवर भयंकर राग. मोठ्या बाईंना कुठून तरी कळलं की हिची आई नर्स आहे, त्यांनी तिला प्रार्थनेनंतर बोलायला बोलावलं. मला आदल्या रात्री खरंच ताप आल्यासारखं झालं आणि तेव्हाच्या वातावरणात तेही बोलायची सोय नव्हती.

ती आली. हातात माइक न घेता शाईची बाटली. पहिलं वाक्य "हात धुवायची म्हणजे काय" आणि मैदानभर हसू. ती थांबली नाही, तिनं पहिल्या रांगेतल्या तिघांना पुढे ओढलं, त्यात एक हसणारा होता, त्यांच्या तळहातावर निळी शाई ओतली, डोळे मिटा म्हणाली आणि बादलीत पाणी घेऊन नेहमी धुता तसे हात धुवा. धुतले. मग डोळे उघडून हात वर करा, सगळ्यांना दाखवा. तिघांचेही अंगठे निळे. बोटांच्या बेचक्या निळ्या, नखांच्या कडा निळ्या. "अंगठा विसरला!" अम्मा म्हणाली. आणि मैदान गप्प. मग परत हसू पण ते वेगळं, जो तो आपला अंगठा बघायला लागला.

ही आयडिया तिला नाशिकनंच दिलेली, हे मला नंतर कळलं. आपल्याकडे धुळवडीला कुणी रंग खेळत नाही, पाच दिवसांनी रंगपंचमीला खेळतात, जुन्या नाशकात तर त्या दिवशी पेशव्यांच्या वेळच्या रहाडी, म्हणजे जमिनीतले दगडी हौद, उघडून लोक रंगात उड्या मारतात. ही बिचारी नवीन, होळी झाली, संपलं, असं समजून पंचमीला पांढराशुभ्र युनिफॉर्म घालून ड्यूटीला निघाली. पुढचं काय सांगायचं. चार दिवस नखांतून रंग निघाला नाही आणि मेट्रननं झापलं ते वेगळं. तर 'अंगठा विसरला' हे त्या वर्षी आपल्या शाळेत इतकं चाललं की गणित चुकलं तरी अंगठा विसरला, आउट झाला तरी अंगठा विसरला. पुढच्या पालकसभेला मीच म्हटलं, तू ये.

मे महिन्यात तिकडे. मंगला एक्स्प्रेस नाशिकरोडला थांबते हे आमच्या घरावर देवाचे उपकार आहेत असं अम्माचं मत आहे. अर्धवट झोपेत प्लॅटफॉर्मवर बसायचं, पप्पांनी द्राक्षाची नाही तर बेदाण्याची पेटी दोरीनं बांधलेली, मग कल्याणहून पनवेल करत कोकण, रत्नागिरीजवळ करबुड्याचा 6.5 किलोमीटरचा बोगदा आला की डब्यातली सगळी पोरं ओरडणार. आणि मग हळूहळू स्टेशनच्या पाट्या बदलतात. मी मल्याळम वाचायला त्या पाट्यांवरूनच शिकले, खाली हिंदीत उत्तर लिहिलेलं असायचं ना. सगळ्या अक्षरांच्या जिलब्या, पण कोळिक्कोड, षोरनूर, तृशूर असं करत एर्नाकुलमपर्यंत माझी निम्मी बाराखडी व्हायची. तिथून पुढे बस. तिकडे मावसभाऊ मला 'हिंदीक्कारी' म्हणायचे. मी सांगून सांगून दमले की मी हिंदीवाली नाही, मराठी आहे, तर "अच्छा, बॉम्बे." नाशिक म्हणजे बॉम्बे नाही हे सांगायला मी द्राक्षं काढायचे बाहेर. इथे शेजारच्या काकू अम्माला वीस वर्षं झाली तरी मद्रासी म्हणतात. सोडून द्या.

फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला तुम्ही सगळे यायचात, प्रार्थनेला नाही, स्टॉलवरच्या खाण्याला, मला माहितीये. एका वर्षी निफाडची आजी ऐन काढणी सोडून आली. हातात पहिल्या तोडीचा घड. मेणबत्तीच्या रांगेत उभी राहिली आणि मला विचारते, "हितं प्रसाद कुठं ठिवायचा?" कुठेच नाही ठेवत आजी. "मंग लेकरू खातं काय?" शेवटी तिनं तो घड तिथल्या सिस्टरच्या हातात दिला, तिथून मुक्तिधामच्या देवळात जाऊन भिंतीवरची गीता बघत बसली, वाचता येत नाही तिला, हात लावून बघते.

आता दाखला. 2022 ला कंपनीनं बाहेर पाठवायचं ठरवलं, पासपोर्ट काढायला गेले तर अम्माच्या आधारवर तिचं नाव 'अम्मा'सकट आणि माझ्या दाखल्यावर बिनअम्माचं. दोन वेगळ्या बायका झाल्या. अ‍ॅफिडेव्हिट, अर्ज, एका ऑफिसात चार चकरा, आणि मग शाळेत. आठ वर्षांनी. ऑफिसात आता काका नाहीत, माझ्याच वयाच्या एक मॅडम आहेत, त्यांनी ते लांबलचक जनरल रजिस्टर काढलं, 2004 चं पान, काकांचं अक्षर, खोडलेलं 'अम्मा' अजून दिसत होतं, आडवी रेघ मारलेलं. मॅडमनी सगळे कागद लावून बघितले आणि म्हणाल्या, "मातृभाषेचं पण घालू का अर्जात? करायचंच तर एकदाच होऊन जाईल."

मी एवढा विचार केलाच नव्हता. म्हटलं थांबा, विचारते, आणि तिथूनच अम्माला फोन लावला, स्पीकरवर. मागे वॉर्डातले आवाज.

"त्यात आता काय लिहिलाय?"

"मराठी."

"मग बरोबर आहे की. राहू दे. माझा मराठी चांगला आहे."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.