गिलाव्याखालचं छत

स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरात, रॉयल माईल या जुन्या रस्त्यावर किल्ल्याकडून खाली उतरायला लागलं की लॉनमार्केटमध्ये डाव्या हाताला एक उंच अरुंद दगडी घर लागतं. खाली दोन कमानी, बाजूला रस्त्यातूनच वर चढणारा दगडी जिना आणि बाहेर टांगलेली एक सोनेरी घार, पंख पसरलेली. घराचं नाव ग्लॅडस्टोन्स लँड. मी पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा वाटलं कुठलीतरी जमीनबिमीन असेल, पण स्कॉट्स भाषेत लँड म्हणजे अनेक बिऱ्हाडांची उंच इमारत, आणि ग्लेड म्हणजे घार. मालकाचं आडनाव ग्लेडस्टेन्स, म्हणून दारावर घार.

मूळ घर सोळाव्या शतकातलं. १६१७ मध्ये थॉमस ग्लेडस्टेन्स या व्यापाऱ्याने आणि त्याची बायको बेसी कनिंगहॅम हिने ते घेतलं. तेव्हाचं एडिनबरा म्हणजे एका चिंचोळ्या उतरत्या टेकडीच्या पाठीवर वसलेलं, तटबंदीत कोंडलेलं शहर, आडवं पसरायला जागाच नाही, मग काय, माणसं वर वर बांधत गेली. हे घर सहा मजली आहे! आणि थॉमसने नुसतं डागडुजी करून भागवलं नाही, त्याने घर पुढे रस्त्याच्या बाजूला वाढवलं, नवीन दगडी दर्शनी भाग उभारला, म्हणजे जी आधी बाहेरची भिंत होती ती घराच्या आत गेली. खालच्या कमानींमागे दुकानं. अशा कमानी पूर्वी या रस्त्यावर बऱ्याच घरांना होत्या, आता सतराव्या शतकातल्या इथेच उरल्यात, त्यामुळे वर जायच्या आधी तिथे पाच मिनिटं तरी थांबाच.

खिडक्या नीट बघा. वरच्या अर्ध्या भागात शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या छोट्या छोट्या काचा आणि खालच्या अर्ध्या भागात काच नाहीच, लाकडी झडपा. काच महाग होती म्हणून उजेडापुरती वर लावायची आणि हवा हवी असेल, रस्त्यावर कोणाला हाक मारायची असेल, तर खालच्या झडपा उघडायच्या. सांडपाणीसुद्धा खिडकीतूनच खाली जायचं, ओतायच्या आधी 'गार्डीलू' असं ओरडायची पद्धत होती, खालून चालणाऱ्याने बाजूला व्हायचं.

थॉमस एका मजल्यावर राहायचा आणि बाकीचे भाड्याने द्यायचा. भाडेकरूंमध्ये चर्चचा पाद्रीही होता, दुसरा व्यापारीही होता. त्या काळच्या एडिनबरात श्रीमंत आणि गरीब अशी वेगळी वस्ती नव्हती, एकाच इमारतीत मजल्यामजल्याने माणसं राहायची, मधले मजले पैसेवाल्यांचे कारण तिथे रस्त्याची घाण पोचत नाही आणि फार जिनेही चढावे लागत नाहीत. मला हे फार आवडलं, की रोज सगळ्यांना तोच जिना उतरायचाय.

आता छत. माझ्यासाठी सगळं घर एकीकडे आणि ती एक खोली एकीकडे. वर लाकडी तुळया, त्यांच्यामधल्या फळ्या, आणि त्या सगळ्यावर फुलं, फळं, वेलबुट्टी रंगवलेली, १६२० च्या सुमाराची. रंग सरसात कालवून थेट लाकडावर दिलेला. असा रंग पाणी लागलं की जातो, तरी चारशे वर्षं टिकला. मान वर करून बघत राहिलं की कळतं, पट्टीने आखल्यासारखं काही नाहीये, एक पान जाड, दुसरं बारीक, कुठे ब्रश थोडा घसरलाय. कोणीतरी परांचीवर उभा राहून मान अवघडेपर्यंत हे काम केलंय, हे तिथे उभं राहिल्यावर अगदी अंगावर येतं.

हे टिकलं कारण नंतर फॅशन बदलली आणि लोकांनी ते झाकून टाकलं. १७६७ मध्ये जेम्स क्रेग या वास्तुरचनाकाराचा न्यू टाउनचा, म्हणजे शेजारच्या नव्या शहराचा, आराखडा मंजूर झाला, हळूहळू पैसेवाली मंडळी तिकडच्या रुंद रस्त्यांवर राहायला गेली, जुन्या शहरात एकेका खोलीत अख्खी कुटुंबं कोंबली गेली आणि या घराचीही रया गेली. १९३४ मध्ये ते पाडायच्याच बेतात होते. हेलन हॅरिसन नावाच्या बाईंनी ते विकत घेतलं आणि नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला दिलं, ट्रस्ट तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा. मग दुरुस्ती सुरू झाली आणि आत झाकलेलं हे सगळं बाहेर आलं.

मी गेलो तेव्हा पाऊस होता, खोलीत उजेड कमी होता, आणि डोळे सरावल्यावर एकेक फळ दिसायला लागलं, आधी लाल, मग पिवळी, मग शेवटी कोपऱ्यातली ती काळपट हिरवी पानं. गर्दी पुढे निघून गेली तरी मी तिथेच उभा होतो.