वेस्टगेटची नळी कंप्रेसरवरच लावा, मॅनिफोल्डवर नको

टर्बो पेट्रोल गाड्यांमध्ये हात घालणाऱ्यांचा एक वाद कधी मिटतच नाही, वेस्टगेटच्या (टर्बोचा बूस्ट, म्हणजे हवेचं वाढीव प्रेशर, आवरणारी झडप) अ‍ॅक्च्युएटरला जाणारी ती बारकी नळी नक्की कुठून घ्यायची. एक पार्टी म्हणते टर्बोच्या कंप्रेसर हाऊसिंगवर (हवा दाबणाऱ्या बाजूच्या कवचावर) निप्पल दिलंय ना, तिथून. दुसरी म्हणते अरे इंजिनला जे प्रेशर खरंच मिळतंय ते मोजायला पाहिजे, मग थ्रॉटलच्या पुढे इंजिनला हवा वाटून देणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डवरूनच घे. ऐकायला दुसरं जास्त पटतं, आणि म्हणूनच ते जरा डोकं शांत ठेवून तपासायला पाहिजे.

अ‍ॅक्च्युएटर म्हणजे काय तर एक डबा, आत स्प्रिंग आणि रबरी डायफ्रॅम, बाहेर दांडी. स्प्रिंग झडप बंद धरून ठेवते, नळीतून प्रेशर आलं की डायफ्रॅम दांडी ढकलतो, झडप उघडते आणि थोडा एक्झॉस्ट टर्बाइनला, म्हणजे टर्बो फिरवणाऱ्या चाकाला, वळसा घालून निघून जातो. आता यातली गोम बघा: प्रेशर आलंच नाही तर झडप बंदच राहते. म्हणजे नळी फाटली, सुटली, गळायला लागली तर बूस्ट कमी होत नाही, उलट वाढत जातो. बरेच जण नेमके इथेच उलटं धरून चालतात. ही नळी जितकी छोटी आणि जितके कमी जोड तितकं चांगलं, आणि कंप्रेसरवरून घेतली तर ती वीतभरच लागते.

मॅनिफोल्डवरून घेतली की खरा घोळ अर्ध्या थ्रॉटलला (पायाने उघडणारी हवेची झडप अर्धीच उघडी असताना) होतो. समजा तुम्ही घाटात निम्मा पाय दाबून चाललाय, थ्रॉटलच्या अलीकडे अर्धा बार प्रेशर साचलंय आणि पलीकडे मॅनिफोल्डमध्ये जेमतेम काहीतरी. अ‍ॅक्च्युएटरला वाटतं बूस्ट नाहीच, झडप घट्ट बंद, आणि टर्बो बंद दारावर हवा लोटत बसतो, हवा तापते, जास्तच झालं तर कंप्रेसर सर्जला जातो, म्हणजे हवा उलटी धक्के मारते. पाण्याच्या टाकीचा फ्लोट टाकीतच ठेवतात ना, कोणी तो स्वयंपाकघरातल्या बादलीत सोडत नाही, कारण नळ बंद असला की बादली रिकामीच राहणार आणि मोटर चालूच राहणार. थ्रॉटल हा तो नळ. शिवाय पाय पूर्ण सोडला की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम होतो, तो डायफ्रॅमला उलटा ओढतो, आणि परत दाबलं की लांब नळी भरेपर्यंत बूस्ट टोकाला जाऊन आलेला असतो.

आता समोरच्यांचा मुद्दा अगदीच खोटा नाही हेही सांगतो. इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) आणि पाइपांमध्ये थोडं प्रेशर खर्ची पडतं, त्यामुळे स्प्रिंग सात पीएसआयची असली तरी मॅनिफोल्डच्या गेजवर त्याहून कमी दिसतं आणि माणूस खट्टू होतो. पण त्याचा इलाज दांडीचा प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा ताण) नीट लावणं किंवा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) लावणं, नळीची जागा बदलणं हा नाही. मधला पर्याय म्हणजे इंटरकूलरनंतर पण थ्रॉटलच्या अलीकडे टी मारणं, म्हणजे पाइपाला फाटा काढणं. चालतं, मी त्याला नावं ठेवत नाही. फक्त लक्षात ठेवा, इंटरकूलरचा पाइप क्लॅम्पमधून निसटला की सिग्नलही गेला, झडप बंद, आणि टर्बो मोकाट फिरतोय. वेस्टगेट टर्बोलाही सांभाळतो, त्यामुळे त्याने टर्बोच्या तोंडाशीच कान लावलेला बरा.

कंपन्यांनी काय केलंय बघायचं असेल तर आपल्याकडची जुनी स्कोडा ऑक्टेव्हिया व्हीआरएस घ्या, ती १.८ लिटर टर्बो पेट्रोल, दीडशे हॉर्सपॉवरची. तिच्यात एन७५ नावाचा व्हॉल्व्ह आहे, तीन तोंडांचा: एक नळी कंप्रेसरच्या प्रेशर बाजूकडून, एक अ‍ॅक्च्युएटरला, तिसरी परत टर्बोच्या आधीच्या इनटेक पाइपमध्ये. ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, जास्त बूस्ट हवा असला की तो अ‍ॅक्च्युएटरकडे जाणारं थोडं प्रेशर तिसऱ्या तोंडातून सोडून देतो. कनेक्टर काढून टाकला तर सगळं प्रेशर सरळ अ‍ॅक्च्युएटरला पोचतं आणि गाडी फक्त स्प्रिंगच्या बूस्टवर मरतुकडी चालते, पण इंजिन वाचतं. साब या स्वीडिश कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एपीसी ही बूस्ट कंट्रोल सिस्टीम आणली त्यातही सोलेनॉइडने हाच सिग्नल चोरायची युक्ती होती, इंजिन नॉक करायला (पेट्रोल अवेळी पेटून ठोके द्यायला) लागलं की चोरी बंद. तर ज्यांच्या हातात एन७५ च्या नळ्या निघाल्यात त्यांनी लावायच्या आधी फोटो काढा, कारण दोन नळ्यांची अदलाबदल झाली की गेज बघून घाम फुटतो.

डंप व्हॉल्व्ह (पाय सोडल्यावर साचलेला बूस्ट सोडणारा), बूस्ट गेज, फ्युएल प्रेशर रेग्युलेटर यांना मात्र मॅनिफोल्डचाच सिग्नल लागतो, व्हॅक्यूम दिसल्याशिवाय डंप व्हॉल्व्ह उघडणार कसा. म्हणून काही गॅरेजवाले सगळ्यांना एकाच नळीवर टी मारून देतात आणि बिल कमी करतात. नका करू. गेजची प्लास्टिक नळी डॅशबोर्डखाली कुठेतरी चिरली तर तिच्यातून वेस्टगेटचं प्रेशर गळणार, आणि गळतीचा अर्थ वर सांगितलाच आहे.

एक्स्टर्नल, म्हणजे टर्बोबाहेर वेगळा बसवलेला, वेस्टगेट असेल तर सिग्नल खालच्या तोंडाला, वरचं तोंड हवेला उघडं, बूस्ट कंट्रोलर लावेपर्यंत तरी. वरच्याला प्रेशर दिलं तर ते स्प्रिंगच्याच बाजूने भांडतं. आणि डिझेलवाल्यांनो, तुमच्याकडे थ्रॉटलचा अर्धा वाद उरतच नाही, पण बऱ्याच व्हीजीटी (फिरत्या पात्यांचा टर्बो असलेल्या) डिझेलमध्ये अ‍ॅक्च्युएटर प्रेशरवर नाही तर व्हॅक्यूम पंपावर चालतो, तिथे बूस्टची नळी खुपसायच्या आधी जुनी नळी कुठून येतेय ते बोटाने माग काढत जा.

नळी सिलिकॉनची जाड भिंतीची घ्या, एक्झॉस्ट हाऊसिंगपासून लांब न्या, केबल टायऐवजी क्लिप लावा. जोडायच्या आधी गेजवाल्या सायकल पंपाने अ‍ॅक्च्युएटरला हळूहळू प्रेशर देऊन बघा, दांडी किती पीएसआयला हलते ते लिहून ठेवा, आणि पंप थांबवल्यावर काटा खाली सरकत असेल तर डायफ्रॅम गेलाय, मग नळी कुठेही लावा, उपयोग शून्य. पहिल्या फेरीला शेजारी एकाला गेज बघायला बसवा आणि काटा स्प्रिंगच्या आकड्याच्या बराच वर निघाला की लगेच पाय उचला.